चिमणी, विमान आणि दहावीचा त्रिकोण

15 जून 2023 रोजी सोलापुरातल्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी पाडली गेली. उंची सुमारे 90 मीटर. ही चिमणी विमानांच्या वाटेत येत असल्याने त्याआधी काही वर्षे शहरात दोन तट पडले होते. एकीकडे विमानसेवा हवी म्हणणारे, दुसरीकडे कारखाना वाचला पाहिजे म्हणणारे. उपोषणे झाली, मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्याही झाल्या. दोन्ही बाजूंच्या भावना खऱ्या होत्या. पण भांडणाचे मूळ दहावीच्या त्रिकोणमितीत होते.

विमान धावपट्टीकडे साधारण 3 अंशांच्या उताराने येते. टॅन 3 अंश, म्हणजे उंची भागिले अंतर, येतो 0.0524. याचा अर्थ, टेकायची जागा 1 किलोमीटरवर असताना विमान जमिनीपासून जेमतेम 52 मीटर वर असते. सुरक्षेचा नियम याहून कडक. उपकरणांच्या आधारे विमाने उतरवणाऱ्या मोठ्या धावपट्टीपुढे आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एक कल्पित तिरका पृष्ठभाग धरतात. पहिले 3 किलोमीटर तो दर 50 मीटरला 1 मीटर चढतो. कोन सव्वा अंशाच्याही आत! 3 किलोमीटरवर तो पोहोचतो 60 मीटरपर्यंत. धावपट्टीच्या रेषेत, या टापूत, 90 मीटरचे काहीही उभे केले की ते पृष्ठभाग भेदून वर येणारच. तीच चिमणी दहा किलोमीटर पलीकडे असती, तर विमानवाल्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

आता अशी चिमणी वर न चढता मोजायची कशी? बुंध्यापर्यंत जाता येत असेल तर सोपे: अंतर गुणिले उन्नत कोनाचा, म्हणजे आडव्या रेषेपासून शेंड्यापर्यंतच्या कोनाचा, टॅन. पण मध्ये कुंपण असते, पहारेकरी असतो. मग दोन ठिकाणांहून कोन घ्यायचे. लांबून शेंडा 30 अंशांवर दिसला. चिमणीच्या दिशेने सरळ 66 मीटर चालून गेल्यावर 45 अंशांवर. उंची ‘उ’ धरली, तर पहिल्या जागेपासून चिमणीचे अंतर 1.732 उ, दुसऱ्या जागेपासून नेमके उ. वजाबाकी 0.732 उ, आणि तीच आपली 66 मीटरची चाल. भागाकार केला की उ येते 90 मीटर. त्यात आपल्या डोळ्याची उंची, दीडेक मीटर, मिळवायची. मुले हमखास विसरतात ती हीच.

कोन मोजायला कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा सोडा, टोकाला लोखंडी नट बांधा. गवंड्याचा ओळंबाच हा. नळीतून शेंडा पाहा आणि दोरा 90च्या खुणेपासून किती अंश सरकला ते वाचा. तोच उन्नत कोन.

खरी गंमत चुकीत आहे. 45च्या जागी 46 वाचले, तर 90चे 86 मीटर होतात, चालेल. पण फार लांबून, 10 आणि 11 अंशांवरून मोजू लागलात आणि 11चे 12 वाचलेत, तर 90 मीटरची चिमणी 49 मीटरची होते! त्रिकोण किडकिडीत झाला की एका अंशाची चूक निम्मी उंची गिळते. पाठ्यपुस्तक हे सांगत नाही, ही माझी त्याच्यावरची तक्रार आहे.

9 जून 2025 रोजी सोलापूर-गोवा विमान सुरू झाले. चिमणी आता नाही, पण सुट्टीत मुलांना घेऊन गल्लीतली पाण्याची टाकी मोजून पाहा. फक्त दोन जागांमध्ये अंतर भरपूर ठेवा.