पत्ता हलतो, नाव राहते

सुरतेच्या रिंग रोडवरील कापड बाजारात ई-वे बिल निघाले नाही, तर बांधून तयार असलेले पार्सल जागचे हलत नाही. हे बिल देशभर सक्तीचे होणार होते १ फेब्रुवारी २०१८ रोजी. पहिल्याच दिवशी पोर्टल कोलमडले, सक्ती पुढे ढकलावी लागली आणि आंतरराज्य मालासाठी ती १ एप्रिलपासून लागू झाली. ‘सर्व्हर डाउन’ हे शब्द आता बाजारात रोजचे झाले आहेत आणि त्यांच्यासोबत काही पक्क्या समजुतीही रुजल्या आहेत. बहुतेकींचे मूळ एकच आहे: सेवा आणि तिचे ठिकाण या दोन गोष्टी एकच मानल्या जातात.

गैरसमज: वेबसाइट म्हणजे कुठल्यातरी खोलीतला एक ठरलेला कॉम्प्युटर.

दुकानातला हिशेबाचा कॉम्प्युटर तसाच असतो, म्हणून हे सहज पटते. बाजारात प्रत्येक दुकानाला मजला आणि नंबर असतो, तसा सर्व्हरलाही असणार, असे वाटते. मोठ्या सेवांचा कारभार निराळा आहे. एकाच प्रोग्रामच्या अनेक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर चालतात. गर्दी वाढली की नव्या प्रती उभ्या राहतात, ओसरली की बंद होतात. यंत्र बिघडले तर तिथल्या प्रतीच्या जागी दुसरीकडे नवी प्रत सुरू होते. हे सांभाळणारी कुबरनेटीस ही प्रणाली गूगलने २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिच्यात नव्या प्रतीला साधारणपणे नवा आयपी पत्ता मिळतो. तो काही मिनिटेच टिकला तरी बिघडत नाही, कारण बाहेरच्याला तो माहीत असण्याची गरजच नसते. बाहेरचा फक्त नाव सांगतो. मधली व्यवस्था त्या क्षणी हजर आणि धडधाकट असलेल्या प्रतीकडे त्याला पाठवते. घारी या मिठाईच्या दुकानातला क्यूआर कोड आठवावा. त्यातल्या यूपीआय आयडीला जोडलेले बँक खाते मालकाने बदलले, तरी गिऱ्हाईक तोच कोड स्कॅन करते आणि पैसे नव्या खात्यात जमा होतात.

गैरसमज: आयपी पत्ता एकदा लिहून ठेवला की काम पक्के.

सर्वांत जास्त नुकसान हीच समजूत करते, आणि ती खरी वाटण्याचे कारण म्हणजे ती महिनोन्‌महिने खरी ठरते. बिलिंग सॉफ्टवेअर बसवणारा सेवेच्या नावाऐवजी तिचा आकड्यांतला पत्ता भरतो. किंवा फायरवॉलमध्ये ‘एवढ्याच पत्त्यांना परवानगी’ अशी यादी करतो. सगळे सुरळीत चालते. मग एके दिवशी पलीकडचे यंत्र बदलते आणि बिल निघेनासे होते. दोष बँकेला, पोर्टलला, इंटरनेट कंपनीला दिला जातो. खरे तर पलीकडची सेवा चालू असते, आपणच रिकाम्या दुकानाचे दार ठोठावत असतो. यादी करण्यामागचा सुरक्षेचा हेतू योग्यच आहे. पण ज्या सेवेने ‘हे पत्ते आम्ही कायम ठेवू’ असे लेखी कळवले आहे, तिच्यापुरतीच ती करावी. अॅमेझॉनच्या क्लाउडमधील वेबसाठीचा लोड बॅलन्सर, म्हणजे आलेले काम वाटून देणारी व्यवस्था, स्वतःचेच पत्ते बदलत असतो. त्याला नावानेच गाठावे लागते.

गैरसमज: पत्ता बदलला की ४८ तास थांबावेच लागते.

हा आकडा हवेतून आलेला नाही. नावांची नोंदवही, म्हणजे १९८३ मध्ये आखलेली डीएनएस, प्रत्येक उत्तरासोबत ते किती वेळ जपून ठेवावे हेही सांगते. ‘.कॉम’ नावे कोणत्या सर्व्हरकडे सोपवली आहेत, या नोंदींची मुदत १,७२,८०० सेकंद, म्हणजे नेमके ४८ तास असते. सेवेच्या रोजच्या पत्त्याची मुदत मात्र तिचा मालक ठरवतो आणि ६० सेकंदांची मुदतही सर्रास ठेवली जाते. एक खोच मात्र आहे: उघडून ठेवलेले जुने कनेक्शन पत्ता पुन्हा विचारत नाही. म्हणूनच प्रोग्राम बंद करून चालू केल्यावर ‘आपोआप’ नीट झाल्यासारखा वाटतो.

गैरसमज: सर्व्हर सुरतेबाहेर म्हणजे काम संथ.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईपर्यंतची केबल ३०० किलोमीटर धरली, तर जाण्यायेण्याला ३ मिलिसेकंद लागतात. त्याहून कितीतरी जास्त वेळ कमजोर वाय-फाय आणि ताण पडलेला सर्व्हर खातात.

गैरसमज: भरपूर यंत्रे लावली की सेवा पडत नाही.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक पाहत होते. अशा आकड्यांमुळे यंत्रांच्या संख्येवर विश्वास बसणे स्वाभाविक आहे. पण यंत्रे असणे निराळे आणि त्यांच्यापर्यंत वाट असणे निराळे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास बंद होते, कारण कंपनीच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या वाटांची माहितीच इंटरनेटवरून नाहीशी झाली होती. २० ऑक्टोबर २०२५ ची घटना आणखी बोलकी आहे. अॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील डायनॅमोडीबी या सेवेचे पत्ते अद्ययावत ठेवणाऱ्या दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या आणि सेवेच्या नावापुढची नोंद कोरी झाली. साठवलेली माहिती जागेवर होती, तिच्याकडे जाणारा पत्ता मात्र उरला नाही. जगभरातल्या अनेक सेवा अडल्या आणि नोंद शेवटी माणसांना हाताने दुरुस्त करावी लागली.

दिवाळीची घाई सुरू होण्याआधी दुकानातले सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: सेवांच्या जागी नावे भरली आहेत की आकडे? आणि आकडे असतील, तर ते बदलणार नाहीत असे पलीकडच्याने लेखी दिले आहे का?