फाटकापाशी डोळा फसतो

हैदराबादच्या गौलीगुड्याच्या बसअड्ड्यावरून नांदेड-देगलूरकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांना रूळ आणि रस्ता वेगळे वाटत नाहीत. इथली आरटीसी, म्हणजे सरकारी बससेवा, जन्मली तीसुद्धा रेल्वेच्याच घरात. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने २७ बसगाड्या आणि १६६ माणसे घेऊन रस्ते वाहतूक सुरू केली. म्हणूनच २४ जुलै २०१४ चा मासाईपेटचा अपघात इथे फार लागला. मेदक जिल्ह्यातल्या त्या बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर नांदेडहून सिकंदराबादला येणाऱ्या पॅसेंजरने शाळेच्या बसला धडक दिली आणि डझनाहून अधिक मुले गेली.

अशा प्रत्येक अपघातानंतर एकच वाक्य ऐकू येते: ‘ड्रायव्हर बेफिकीर होता, त्याला पाटी दिसत नव्हती का?’ बेफिकिरी असतेच. २६ एप्रिल २०१८ ला कुशीनगरला शाळेच्या व्हॅनमधली १३ मुले दगावली, तेव्हा चालकाच्या कानात इअरफोन असल्याचे समोर आले. पण सगळा दोष बेफिकिरीवर टाकला की पाटी सुधारायचा विचारच थांबतो, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

‘रेल्वेगाडी दिसली की अंदाज येतोच’ हा समज सगळ्यांत घातक. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लीबोविट्झ यांनी १९८५ मध्ये मांडले की मोठी वस्तू असते त्याहून सावकाश चालल्यासारखी भासते. शिवाय गाडी जवळजवळ समोरून येत असली, तर तिचा आकार बराच वेळ वाढताना जाणवतच नाही. वाढू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी ६०० मीटर अंतर साधारण २२ सेकंदांत कापते. लोको पायलटने तुम्हाला पाहिले तरी एवढ्यात गाडी थांबत नाही, तिला किलोमीटरभर अंतर लागू शकते. ६०० मीटर म्हणायचे कारण म्हणजे रुळाकडेची ती पिवळी ‘सी/फा’ पाटी. पुष्कळांना ती वाहनचालकांसाठी वाटते. ती लोको पायलटसाठी असते: पुढे फाटक आहे, शिट्टी वाजव. बंद काचा, एसी आणि गाणी यांच्या पलीकडे ती शिट्टी पोचेल याची खात्री नसते.

चालकासाठी असतो तो लाल किनारीचा त्रिकोण. त्यात फाटकाचे चित्र असेल तर पुढे फाटक आहे. इंजिनाचे असेल तर फाटक नाही. खालच्या पट्टीवर दोन तिरप्या रेघा म्हणजे सुमारे २०० मीटर, एक रेघ म्हणजे ५० ते १०० मीटर. बिनफाटकाच्या ठिकाणी गाडी थांबवायची, कंडक्टर किंवा क्लीनरने उतरून रुळापर्यंत जाऊन पाहायचे आणि मगच गाडी पुढे काढून द्यायची. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरायचे. हा मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या कलम १३१ चा हुकूम आहे, नुसता सल्ला नाही.

तरी नुसती माहिती देऊन भागत नाही, हे मुंबईने दाखवले. २०१० च्या सुमारास वडाळ्याजवळ रूळ ओलांडणाऱ्यांचे मृत्यू रोखण्यासाठी मध्य रेल्वे आणि ‘फायनल माइल’ या संस्थेने साधे प्रयोग केले. रुळांखालचे काही स्लीपर पिवळेधमक रंगवले. गाडीखाली ते एकामागून एक झाकले जातात आणि तिचा वेग डोळ्यांना कळतो. एका लांब शिट्टीऐवजी दोन छोट्या शिट्ट्या ठेवल्या, कारण मधली शांतता कानाला दचकवते. आणि गाडी अंगावर येताना भेदरलेल्या माणसाचा चेहरा तीन फोटोंत लावला. मृत्यू घटल्याची नोंद झाली. हा प्रयोग पायी चालणाऱ्यांसाठी होता, पण रोज फाटकावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यालाही फाटक कुठे आहे ते माहीतच असते. त्याला आपला अंदाज चुकतोय हे कळायला हवे. त्यासाठी स्टिअरिंग थरथरवणारे रस्त्यावरचे रम्बलर, रात्री हेडलाइटमध्ये चमकणारा पत्रा आणि लुकलुकणारे लाल दिवे जास्त कामाचे.

‘आता बिनफाटकाची क्रॉसिंग उरलीच नाहीत’ हे ब्रॉडगेजपुरते खरे आहे. जानेवारी २०१९ अखेर ती संपली. पण गेटमन असला म्हणजे निर्धास्त, हे खरे नाही. ८ जुलै २०२५ ला तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेची व्हॅन रेल्वेच्या तडाख्यात सापडली ती गेटमन असलेल्या फाटकावर. ते फाटक सिग्नलशी जोडलेले नव्हते. जोडलेले असते तर फाटक बंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळालाच नसता.

फाटकाआधी सावध करणाऱ्या पाट्यांचीही हेळसांड होते, कारण मालकी दोघांत वाटलेली आहे. रेल्वेच्या हद्दीतल्या खुणा रेल्वेच्या, त्याबाहेरच्या रस्त्यावरचे त्रिकोण रस्ता ज्या खात्याचा त्याचे. त्रिकोण बाभळीत दडला असेल किंवा त्यावर वाढदिवसाचे पोस्टर चिकटले असेल, तर अर्ज बांधकाम खात्याकडे किंवा ग्रामपंचायतीकडे करायचा. फाटकाजवळच्या खुणा पुसल्या असतील तर रेल्वेच्या १३९ वर कळवायचे.