स्मारक 'ऑफ' की स्मारक 'टू'?

'हुतात्म्यांचे स्मारक' एवढे लिहिले की मराठीत काम भागते. तेच बातमीत, निमंत्रणपत्रिकेत किंवा माहितीफलकावर इंग्रजीत लिहायची वेळ आली की हा साधा 'चे' घोटाळे करतो.

गैरसमज : 'चे' म्हणजे 'ऑफ', म्हणून 'मेमोरियल ऑफ मार्टर्स'.
वस्तुस्थिती : ज्यांची स्मृती जपायची, त्यांच्या नावाआधी सहसा 'टू' येते. फ्रान्समध्ये थिएपवाल येथील स्मारकावर ७२ हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांची नावे आहेत. त्याचे नाव 'मेमोरियल टू द मिसिंग ऑफ द सॉम'. यातले 'टू' स्मारक कोणाचे ते सांगते, तर 'ऑफ' ते बेपत्ता झाले ती लढाई कोणती, ते.

गैरसमज : मग 'फॉर' चुकीचेच.
वस्तुस्थिती : तसे नाही. 'मेमोरियल फॉर द व्हिक्टिम्स' चालते. शोकसभेसाठी तर 'मेमोरियल सर्व्हिस फॉर' हेच रूढ आहे. अमेरिकेत माँटगोमेरी येथे २०१८ मध्ये खुल्या झालेल्या, झुंडबळींच्या स्मारकाचे नाव 'नॅशनल मेमोरियल फॉर पीस अँड जस्टिस' आहे. इथे 'फॉर'पुढे बळी नाहीत, उद्दिष्ट आहे. 'मॉन्युमेंट'पुढे मात्र 'टू'च शोभते.

गैरसमज : 'इन मेमरी ऑफ' आणि 'इन ऑनर ऑफ' एकच.
वस्तुस्थिती : पहिले फक्त दिवंगतांसाठी; दुसरे हयात व्यक्तीलाही चालते. सत्कारमूर्ती समोर बसलेले असताना पत्रिकेवर पहिले छापले तर अनर्थच! शिवाय 'इन द मेमरी ऑफ'मधले 'द' गाळावे. 'टू द मेमरी ऑफ'मध्ये मात्र ते हवेच.

गैरसमज : नावे कोरलेली, म्हणजे 'इन द वॉल'.
वस्तुस्थिती : वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाच्या काळ्या ग्रॅनाइटवर ५८ हजारांहून अधिक नावे आहेत. ती 'ऑन द वॉल'. कोरण्याच्या क्रियेवर भर द्यायचा असेल, तर 'कार्व्हड इनटू द ग्रॅनाइट'.

गैरसमज : पुष्पचक्र आणि आदरांजली, दोन्हींना 'टू'.
वस्तुस्थिती : पुष्पचक्र ठेवायचे ते 'अ‍ॅट द मेमोरियल'; आदरांजली वाहायची ती 'टू द सोल्जर्स'. एक ठिकाण, दुसरी माणसे.

अनावरणाच्या वाक्यात करणारा 'बाय'ने येतो. नुसते वर्ष असेल तर 'इन', पूर्ण तारीख असेल तर 'ऑन'. इंडिया गेटचे अनावरण 'बाय लॉर्ड आयर्विन', 'इन १९३१'. पण 'ऑन १२ फेब्रुवारी १९३१'. आणि स्मारकाचे अधिकृत नाव ठरलेले असेल, तर नियम बाजूला ठेवून ते जसेच्या तसे लिहावे.