बर्फातला मूस आणि झालाना जंगलातील नीलगाय

चित्रांच्या पुस्तकात मूस पाहिलेले मूल हमखास विचारते, "हा आपल्याकडे कुठे दिसेल?" बदलीच्या निमित्ताने जयपूरला आलेल्या मराठी घरांतही हा प्रश्न विचारला जातो. मूस हे जगातील सर्वांत मोठे हरीण. त्याचे घर कॅनडा, स्वीडन, रशियाच्या थंड अरण्यांत आहे; भारतात तो नाही. तथापि पालकांनी निराश होण्याचे कारण नाही. जयपूर शहराला अगदी खेटून असलेल्या झालाना जंगलात आशियातील सर्वांत मोठे कुरंग, म्हणजेच नीलगाय, मुलांना सहज दाखविता येते. विदर्भात हिलाच 'रोही' म्हणतात.

मूसची भव्य शिंगे दरवर्षी गळून पडतात व नव्याने उगवतात. नीलगायीच्या नराची वीतभर शिंगे मात्र जन्मभराची ठेव असते. मादीला शिंगेच नसतात. नर निळसर करडा, तर मादी पिंगट. त्यामुळे मुलांना ही दोन वेगळीच जनावरे वाटतात!

मूसची झुंज बर्फाशी. उंच पाय आणि दाट केस त्याला तारतात. हिवाळ्यात तो कोवळ्या फांद्यांवर भागवितो. नीलगायीपुढे राजस्थानचा उन्हाळा उभा असतो. ऐन दुपारी ती सावलीत स्वस्थ राहते व सकाळ-संध्याकाळ चरते. गवत, पाला, बोरे, बाभळीच्या शेंगा, तिला काहीही चालते. पाल्यातील ओलाव्याच्या आधारे ती एखादा दिवस पाण्याविनाही काढते. पाण्याचा इतका काटेकोर हिशेब बँकेच्या खातेवहीतही क्वचितच आढळावा.

मुलांना विशेषत्वाने सांगण्याजोगी गोष्ट पिलांची आहे. नीलगायीला बहुधा जुळे होते. झालाना हे बिबट्यांचे जंगल. नवजात पिलू पळून जीव वाचवू शकत नाही. म्हणून आई त्याला झुडपांत दडवून स्वतः दूर चरावयास जाते. पिलू निश्चल पडून राहते. असे एकटे पिलू शेताच्या बांधावर आढळले की दयाळू माणसे त्याला अनाथ समजून घरी आणतात, आणि तेथेच त्याची आईशी ताटातूट होते. पिलू जखमी दिसल्यास वन विभागाला कळवावे. एरवी त्याला हात न लावता मुलांसह मागे फिरावे. माणसांची चाहूल सरली की आई परतते, आणि इतका वेळ मातीशी एकरूप झालेले पिलू उठून तिच्या आचळांना लुचू लागते.