सीतेची आसवं काय खातात?

सप्टेंबरात कास पठारावर जो जांभळट-निळा रंग पसरतो, त्यात सीतेच्या आसवांचा वाटा मोठा. वीतभर उंचीची नाजूक काडी, तिच्यावर सेंटिमीटरभराचं फूल. पण या इवल्याशा रोपाला मुळं नाहीत, आणि ते शिकार करून जगतं!

साताऱ्याजवळचं हे पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर, जांभ्या दगडाचं. त्यावर मातीचा जेमतेम थर. पावसाळ्यात तो पाण्याने तुडुंब भिजतो, तरी नत्र आणि स्फुरद त्यात फारच कमी. मग पोट भरायचं कशावर? चिखलात पसरलेल्या या रोपाच्या धाग्यांना बारीक पोकळ पिशव्या लागलेल्या असतात. पिशवीच्या भिंतीतून आतलं पाणी सतत बाहेर उपसलं जातं, त्यामुळे आतला दाब घटतो आणि पिशवी चेपते. ड्रॉपरचा रबरी फुगा दाबून धरावा, तशी ती ताणलेली बसून राहते. दार पक्कं बंद. एखादा सूक्ष्म जीव त्या दारावर आपटला, की ते उघडतं, पिशवी फुगते, आणि पाण्यासकट तो आत खेचला जातो. दार लगेच मिटतं. मग पाचक रस आपलं काम करतात, आणि पाण्याचा उपसा पुन्हा सुरू.

या रोपाच्या पाण्यात तरंगणाऱ्या भावंडांमध्ये जीव आत खेचायला लागणारा वेळ मोजला गेला आहे: सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी! डोळ्याची पापणी लवायला याच्या शंभरपट वेळ लागतो. वनस्पती म्हणजे जागची न हलणारी, असं मानणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही. खुद्द डार्विनलाही हे आत खेचणं उमगलं नव्हतं. १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवरच्या ग्रंथात त्याने लिहिलं, की जीव स्वतःच डोकं खुपसून दार ढकलत आत शिरतात.

वर फुलात मात्र कीटकांना काही धोका नाही. तिथे परागीभवनासाठी त्यांचं स्वागतच असतं. सगळी धरपकड खाली, ओल्या मातीत चालते. म्हणूनच कासला गेल्यावर आखलेली वाट सोडू नये. दोन फुलांच्या मधली जी जागा आपल्याला रिकामा चिखल वाटते, तिथेच या पिशव्या दारं मिटून टपलेल्या असतात.