मागची चाके हवेवर तोलताना

पोलादी स्प्रिंगऐवजी कोंडलेल्या हवेवर मोटार तोलण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९५७ मध्ये आलेल्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉहम या आलिशान मोटारीच्या चारही चाकांना हवेचे सस्पेन्शन होते. मात्र हवेच्या गळतीने बेजार झालेल्या अनेक मालकांनी ते काढून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. आज तेथील हौशी मंडळी जुन्या पिकअप ट्रकच्या मागच्या चाकांना हीच रचना बसवतात. उभी असताना गाडी जमिनीलगत बसावी आणि निघताना बटण दाबून उचलता यावी, हा त्यामागील हेतू. रबरी फुगे आता पुष्कळ टिकाऊ झाले आहेत. परंतु त्यांच्यापर्यंत हवा कोणत्या वाटेने पोहोचते आणि तिच्यावर ताबा कसा ठेवला जातो, यावर वळणावरील सुरक्षितता अवलंबून असते.

यामागील तत्त्व सोपे आहे. फुगा किती भार पेलेल, हे आतील दाब आणि फुग्याचे परिणामकारक क्षेत्रफळ यांच्या गुणाकारावरून ठरते. क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो, म्हणजे सुमारे ५७ पीएसआय असेल, तर एक फुगा ८०० किलो भार पेलतो. मात्र जुन्या ट्रकचे पोलादी पाटे केवळ भार पेलत नाहीत; मागचा अॅक्सल जागच्या जागी धरून ठेवण्याचे कामही तेच करतात. हे काम फुग्याला जमत नाही. त्यामुळे पाटे काढले तर अॅक्सल पुढे-मागे वा बाजूला सरकू नये, यासाठी दांड्यांची स्वतंत्र जोडणी अपरिहार्य ठरते.

हवेचा प्रवास कॉम्प्रेसरपासून सुरू होतो. त्यातून निघणारी हवा तापलेली असते. म्हणून पहिली नळी उष्णता सोसणारी हवी. पुढे हवा उलट फिरू न देणारा व्हॉल्व्ह, बाष्प अडवणारा सापळा आणि मग साठ्याची टाकी. टाकीतील दाब साधारणतः ११० पीएसआयच्या खाली गेला की कॉम्प्रेसर सुरू होतो आणि १४५ च्या आसपास बंद होतो. हे काम दाबावर चालणारा स्विच करतो. तो बिघडल्यास टाकी वाचवण्यासाठी सुरक्षा व्हॉल्व्ह लागतोच. टाकीच्या तळाशी साचणारे पाणीही वेळोवेळी काढावे लागते. अन्यथा गंज थेट व्हॉल्व्हमध्ये जातो.

टाकीपुढील जोडणीत खर्च वाचवण्याचा मोह होतो. एकच नळी मागे नेऊन तिला दोन फाटे फोडायचे आणि दोन्ही फुगे जोडायचे, ही ती युक्ती. सरळ रस्त्यावर तिचा दोष जाणवत नाही. वळणावर मात्र गाडीचा भार बाहेरच्या बाजूला झुकतो, तेथील फुगा दबतो आणि त्यातील हवा सामाईक नळीतून आतल्या बाजूच्या फुग्यात शिरते. जेथे आधार हवा तेथून तो निघून जातो आणि गाडी अधिकच कलते. म्हणून प्रत्येक फुग्याला स्वतंत्र नळी आणि हवा भरण्याचा व सोडण्याचा स्वतंत्र व्हॉल्व्ह, असे एकूण चार व्हॉल्व्ह असावेत. विद्युतप्रवाह खंडित झाल्यास आपोआप बंद राहणारे व्हॉल्व्ह निवडले, तर हवा फुग्यांतच राहते.

नियंत्रणाचा प्रश्न यापुढचा. दोन काट्यांचे दाबमापक दोन्ही बाजूंचा दाब दाखवते. पण दाब म्हणजे उंची नव्हे. एका बाजूला सामान अधिक असेल, तर समान दाबावर गाडी तिरकी उभी राहते. हवेच्या सस्पेन्शनवर धावणाऱ्या बसमध्ये, मुंबई-पुणे प्रवाशांना परिचित असलेल्या व्होल्वोसारख्या बसमध्येही, उंची राखणारे व्हॉल्व्ह असतात. बसचा सांगाडा खाली आला की ते हवा भरतात, वर गेला की सोडतात. असे व्हॉल्व्ह सामान्यतः मागे दोन आणि पुढे एक असतात; तिपाई डळमळत नाही, तोच हा न्याय. खासगी गाडीत हेच काम उंची मोजणारे संवेदक करतात. मात्र प्रत्येक खड्ड्याला किंवा वळणाला त्यांनी प्रतिसाद देऊ नये, यासाठी त्यांना मुद्दाम थोडे संथ ठेवले जाते.

अखेर सारे जोडकामाच्या काटेकोरपणावर येऊन ठेपते. नायलॉनची नळी काटकोनातच कापावी, सायलेन्सरपासून दूर न्यावी आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे तपासावेत. फुगा फुटला तरी गाडी टायरवर टेकू नये, यासाठी रबरी अटकाव बसवावेत. केवळ हवेवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नये. भक्कम लोखंडी आधार आधी लावावेत. भारतात तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मज्जाव करते. त्यामुळे पहिली चौकशी परिवहन कार्यालयातच करणे शहाणपणाचे. हवा दिसत नाही, म्हणूनच तिची वाट आधी नीट आखावी लागते.