येलदरीच्या पाण्यातली सुगी

जाळ्यात अडकलेला मासा मागं ओढून निघत नाही. त्याचं डोकं जाळ्याच्या भोकातून आरपार गेलेलं असतं, अंग मात्र जात नाही. मागं फिरायला जावं तर दोरा कल्ल्याच्या झाकणामागं रुततो. म्हणून त्याला पुढंच ढकलायचं, दोरा अंगावरून शेपटीकडं सरकवायचा आणि अलगद मोकळा करायचा. उन्हाळ्यात हे काम डोळे झाकून होतं. पौषातल्या पहाटे, पाण्यानं बोटं बधिर झालेली असताना, एकेका माशाला वेळ लागतो.

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात येलदरी धरणाच्या काठावर पऱ्हाट्यांच्या शेकोटीशी बसून मी हे पाहिलं. संध्याकाळी सोडलेलं जाळं उजाडताना उचललं होतं. थर्माकोलच्या तराफ्यावरून दोघं जण आले, तेव्हा त्यांच्या पायाशी रोहू होते, दोन मोठे कटले होते आणि चिलापीचा ढीग होता. "पाणी गार पडलं की मासा खाली बसतो, मामा," त्यातला थोरला शेकोटीवर हात धरून म्हणाला. "हिंडला तर अडकणार ना? थंडीत हिंडतच नाही."

त्या एका वाक्यात थंडीतल्या मासेमारीचं सगळं शास्त्र आलं.

गार पाण्यातला मासा

माशाचं रक्त आपल्यासारखं ऊबदार नसतं. पाणी जेवढं गार तेवढंच त्याचं अंग गार. रोहू, कटला, मृगळ यांना साधारण २५ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. तेव्हा ते खातात, हिंडतात, वाढतात. पाणी गार होत गेलं की भूक मंदावते, पचन मंदावतं आणि मासा खोल पाण्यात स्वस्थ राहतो. परभणीची थंडी काही साधी नाही. लाट आली की कृषी विद्यापीठातला पारा पाच अंशांच्याही खाली उतरल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पण हवा आणि पाणी यांत फरक आहे. येलदरीसारखा मोठा साठा सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. त्यामुळं पाण्याला हवेइतका गारठा कधीच येत नाही.

म्हणून थंडीत मासेमारीचं वेळापत्रक बदलतं. जाळं खोल पाण्यात लावायचं. गळ टाकायचा तर पहाटे नाही, दुपारी. ऊन लागून काठाचं उथळ पाणी कोमट झालं की मासे चरायला वर येतात. मरळ पाणवनस्पतींच्या आडोशाला सापडतो, वांब दगडांच्या कपारीत. पाऊस सरल्यानंतर ऐन थंडी पडेपर्यंतचे दिवस चांगले जातात, पौषात हात आखडतो आणि माघात ऊन चढू लागलं की जाळी पुन्हा जड होतात.

थंडीचा एक मोठा उपकारही आहे. मासा लवकर खराब होत नाही. उन्हाळ्यात येलदरीहून जिंतूरच्या बाजारात जाईपर्यंत बर्फावाचून माल टिकवणं कठीण. थंडीत तोच मासा ताजा पोचतो. आपल्या मासेमारीत बर्फ असतो तो पाण्यावर नव्हे, पेटीत.

जिथं पाणीच गोठतं

अमेरिकेतल्या मिनेसोटात, कॅनडात, फिनलंडमध्ये हिवाळ्यात तळी वरून गोठतात. लोक बर्फावर चालत जातात, गिरमिटानं भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून बसतात. माणसाला पायी चालायचं तर निदान चार इंच घट्ट, स्वच्छ बर्फ हवा, असं मिनेसोटाचं सरकारी खातं सांगतं. दक्षिण कोरियातल्या ह्वाचन या गावी २००३ पासून जानेवारीत ट्राउटच्या जातकुळीतल्या माशासाठी बर्फावरची जत्राच भरते.

बर्फाखाली मासा जगतो कसा? पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं. त्याहून गार झालं की ते हलकं होऊन वर येतं आणि वरच गोठतं. तळाशी चार अंशांचं पाणी शिल्लक राहतं आणि वरचा बर्फ पांघरुणासारखा ते राखतो. पाण्याचा हा गुण नसता तर थंड देशांतली तळी तळापासून गोठली असती.

ट्राउटला असंच गार पाणी लागतं. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो: दहा अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम, तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर काश्मीरमध्ये ट्राउट आणला, पुढं निलगिरीत ॲव्हलांच इथं १९०७ मध्ये त्याचं उबवणी केंद्र झालं. येलदरीत मात्र तो टिकणार नाही. आपली थंडी दोन महिन्यांची, त्याला गार पाणी मात्र बारा महिने लागतं. वैशाखातलं पाणी त्याला सोसायचं नाही.

मासा पेरावा लागतो

पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि परभणी जिल्ह्यातच कंठेश्वराजवळ गोदावरीला मिळते. तिच्यावरचं येलदरी धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं. साठा सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, पायथ्याला साडेबावीस मेगावॉटचं वीजघर. खालच्या अंगाला हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर धरण. ही पाणी अडवण्याची कामं झाली ती शेतीसाठी. मासा त्यात मागून आला आणि आपोआप आला नाही.

रोहू, कटला, मृगळ हे मुख्यतः उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले मासे. पावसाळ्यातल्या वाहत्या पुरात ते अंडी घालतात. धरणाच्या साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण वंश वाढवत नाहीत. पूर्वी नदीतून बीज गोळा करावं लागे आणि त्यात नको त्या जातींची भेसळ असे. हा पेच डॉ. हिरालाल चौधरी यांनी सोडवला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं त्यांनी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना अंडी घालायला लावली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ देशात १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळतात.

तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांवर बीज तयार होऊ लागलं. त्याच्या पायऱ्यांची नावं किती गोड आहेत पाहा: आधी मत्स्यजिरे, खरोखर जिऱ्याएवढे, मग बीज, आणि बोटाएवढी झाली की बोटुकली. जिरे थेट धरणात सोडले तर मोठे मासे आणि पाणकावळे फडशा पाडतात, म्हणून मोठ्या पाण्यात बोटुकलीच सोडायची. पावसाळ्यात सोडलेली बोटुकली पुढच्या वर्षीच्या थंडीपर्यंत किलोच्या आसपास जाते. शेकोटीशी पाहिलेले ते रोहू म्हणजे आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातली पेरणी होती.

जलाशयांत मासेमारीचा हक्क ठेक्यानं दिला जातो आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्था असतात. काठावरची जाळी पिढ्यानपिढ्या भोई समाजाच्या हातात आहेत. वाळक्या भोपळ्यांची सांगड करून पाण्यावर तरंगणारी, नदीवर नाव चालवणारी, पालखी वाहणारी आणि पाणी आटलं की भट्टीवर फुटाणे-मुरमुरे भाजणारी ही माणसं. आता सांगडीच्या जागी थर्माकोल आणि गाडीच्या ट्यूब आल्या. पाण्यावरची जोखीम तशीच आहे. अंगावर स्वेटर, त्यावर कांबळं आणि तराफा उलटला तर तेच ओझं खाली ओढतं. तरंगतं जाकीट घालणं ही चैन नाही, गरज आहे.

येलदरीसारखंच पाणी सेलूजवळच्या निम्न दुधनेत, गंगाखेडच्या मासोळीत, जिंतूरच्या करपरात आणि गोदावरीवरच्या ढालेगाव, मुदगल, डिग्रसच्या बंधाऱ्यांत आहे. शिवाय शेततळी आहेत. शेततळ्यात मासे पाळणाऱ्यानं थंडीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. खाद्य कमी करावं. न खाल्लेलं खाद्य कुजून पाणी बिघडवतं. आणि माशांच्या अंगावर लाल चट्टे, जखमा दिसतात का ते पाहावं. हा रोग थंडीतच डोकं वर काढतो.

सुगी कोणाच्या हातात?

रब्बीचं आवर्तन सुटलं की कालव्यानं गव्हा-हरभऱ्याला पाणी जातं आणि जलाशयाची कड दर आठवड्याला आत सरकते. त्याबरोबर मासाही सरकतो, जाळीही सरकतात. एकाच पाण्यावर दोन पिकं उभी आहेत, एक शिवारात आणि एक पाण्याखाली. दुष्काळात दोन्ही जातात. शिवारातलं करपलेलं पीक रस्त्यावरून दिसतं, त्याचा पंचनामा मागता येतो. पाण्याखालचं पीक दिसत नाही. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तो मला म्हणूनच मोलाचा वाटतो. पेरणी मान्य झाली की तिच्या नुकसानीचा हिशेबही शेतीसारखाच व्हायला हवा.

पण एक गोष्ट सरकारची वाट पाहत नाही. त्या पहाटे जाळ्याची भोकं बारीक होती. चिलापीच्या ढिगात बोटापेक्षा जरा मोठे चार-पाच रोहू होते. थोरल्यानं ते वेगळे काढले, पण पाण्यात सोडून उपयोग नव्हता. रात्रभर जाळ्यात अडकून ते मेले होते. "मोठ्या भोकाचं जाळं आहे घरी," तो म्हणाला, "पण बाजारात बारकाही खपतो, मग हेच टाकावं लागतं."

हुरड्याच्या दिवसांत येसर घालून केलेलं माशाचं झणझणीत कालवण आणि ज्वारीची भाकरी आपल्याकडं घरोघरी होते. त्यासाठी बाजारात जाल तेव्हा वीतभर रोहू स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. किलोभराचा घ्या, अर्धा शेजाऱ्याला द्या. जाळ्याची भोकं किती मोठी ठेवायची, हे येलदरीच्या काठावर ठरत नाही. ते जिंतूरच्या बाजारात, आपण पिशवी पुढं करतो तेव्हा ठरतं.